दहशूर आणि मेम्फिस, अर्ध्या दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कैरोत आमच्याकडे दोनच दिवस आहेत. गिझा सोडून दहशूरला का यायचं?

गिझा सोडू नका. इतक्या लांब येऊन खुफूचा पिरॅमिड न पाहता परत गेलात तर घरचे आयुष्यभर विचारतील. पण गिझाला तुम्हाला तयार उत्तर दिसतं. ते उत्तर काढताना काय काय चुकलं, हे दहशूरला दिसतं. खुफूच्या वडिलांनी, स्नेफेरू राजाने, आधी एक पिरॅमिड वाकडा बांधला, मग दुसरा सरळ बांधला, आणि ते दोन्ही आजही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभे आहेत. वहीतलं खोडलेलं गणित आणि त्याच्याच खाली पुन्हा सोडवलेलं गणित एकाच पानावर पाहावं, तसं.

दुसरं कारण साधं आहे. दहशूरला गर्दी नसते. सकाळी आठला पोचलात तर लाल पिरॅमिडच्या पायथ्याशी तुम्ही, एक उंटवाला, दोन पोलीस आणि वारा.

सहलीत नेमकं काय काय आहे?

सकाळी सातला हॉटेलवरून निघतो. दहशूरला लाल पिरॅमिड (आत जाऊन), वाकडा पिरॅमिड (बाहेरून पूर्ण फेरी, हवं असेल आणि त्या दिवशी उघडा असेल तर आतूनही) आणि दुरून काळा पिरॅमिड. तिथून मित रहीना गावात मेम्फिस या प्राचीन राजधानीचे अवशेष. दुपारी एक-दीडपर्यंत परत. कुठेही दुकानाचा थांबा नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण तो विषय जिव्हाळ्याचा आहे.

सकाळी सात ऐकून तोंड वाकडं करू नका. भारतातून नुकते आलेले लोक तसेही पहाटे चारला टक्क जागे असतात, कारण आपलं घड्याळ कैरोच्या साडेतीन तास (त्यांच्या उन्हाळी वेळेत अडीच तास) पुढे असतं. कैरोतले सात म्हणजे तुमच्या शरीराचे साडेदहा.

दहशूर आहे कुठे?

कैरोच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, नाईलच्या पश्चिम काठाच्या वाळवंटात. गिझापासून दहशूरपर्यंतचा पट्टा आणि मेम्फिस हे १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि तेही एकाच नोंदीत. दहशूर मात्र १९९६ पर्यंत लष्करी हद्दीत होतं, सर्वसामान्य प्रवाशाला तिथे जाताच येत नसे. दहशूरचं नाव फारसं कानावर न येण्याचं मोठं कारण हेच.

वाटेत कालव्याच्या कडेने रस्ता जातो. खजुराच्या बागा, गाढवगाड्यांवर लादलेला हिरवा चारा, उसाच्या रसाची दुकानं. आणि मग एका वळणावर शेती रेघ मारल्यासारखी संपते आणि वाळू सुरू होते. एक पाय गवतात आणि एक वाळवंटात ठेवून उभं राहता येतं. ही अतिशयोक्ती नाही, लोक तसे फोटो काढतात.

हा स्नेफेरू कोण? शाळेत त्याचं नाव कधी ऐकलं नाही.

चौथ्या राजवंशाचा पहिला राजा, खुफूचा बाप. काळ सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचा. मेदूम या ठिकाणचा, दहशूरचा वाकडा आणि दहशूरचा लाल, या तीन मोठ्या पिरॅमिडांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तिन्हींचा दगड एकत्र मोजला तर तो खुफूच्या एकट्या महापिरॅमिडपेक्षा जास्त भरतो. नाव मात्र मुलाचं झालं.

इजिप्शियन लोकांनी त्याला चांगला माणूस म्हणून लक्षात ठेवलं. एका जुन्या पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात) त्याची गोष्ट आहे: कंटाळलेला राजा तळ्यात नावेतून फिरायला निघतो, वल्ही मारायला राजवाड्यातल्या मुली. एकीचा हिरव्या-निळ्या दगडाचा मासा, केसातला दागिना, पाण्यात पडतो आणि ती वल्हं मारायचं थांबवते. राजा म्हणतो, दुसरा देतो. ती म्हणते, मला माझाच हवा. मग राजाचा जादूगार तळ्याचं अर्धं पाणी उचलून उरलेल्या अर्ध्यावर ठेवतो आणि तळातून मासा काढून देतो. फेरोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, नाही म्हणणारी ती मुलगी मला त्या राजापेक्षाही आवडते.

वाकडा पिरॅमिड वाकडा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि गाडीत यावर वादही होतात. जे दिसतं ते आधी सांगतो.

खालचा भाग सुमारे ५४ अंशांच्या कोनात चढतो. साधारण ४७-४९ मीटर उंचीवर तो एकदम मोडतो आणि वरचा भाग ४३ अंशांच्या आसपास, म्हणजे बराच आडवा होत टोकाला जातो. एकूण उंची सुमारे १०५ मीटर, पायाची एक बाजू १८९ मीटरच्या आसपास. तोच ५४ अंशांचा कोन शेवटपर्यंत नेला असता तर पिरॅमिड बराच उंच झाला असता आणि वजनही तेवढंच वाढलं असतं.

आता कारण. पायाखालची जमीन पक्क्या खडकाची नव्हती, दाबाखाली बसणारी होती. आतल्या दालनांना बांधकाम चालू असतानाच तडे गेले, आणि ते प्राचीन काळातच गिलाव्याने बुजवलेले सापडतात. सुरुवातीचा आराखडा ५४ अंशांपेक्षाही उभा होता. तडे दिसल्यावर चारी बाजूंनी दगडाचा पट्टा चढवून पाया रुंद केला आणि कोन ५४ वर आणला. तरी भागेना, म्हणून मधेच कोन आणखी कमी केला. खालच्या भागात दगडाचे थर आतल्या बाजूला कललेले आहेत, वरच्या भागात जवळपास सपाट बसवलेले. म्हणजे फक्त कोन नाही, बांधायची पद्धतच बदलली. वरच्या दालनात देवदाराचे जाडजूड वासे अजून आडवे अडकवलेले आहेत. भिंती एकमेकींकडे सरकू नयेत म्हणून दिलेला तो टेकू असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे लाकूड इजिप्तचं नाही, लेबनॉनच्या बाजूने समुद्रमार्गे आणलेलं.

एक मत असंही आहे की मेदूमचा पिरॅमिड कोसळला आणि त्या धास्तीने इथला कोन बदलला. मेदूम नेमका कधी ढासळला यावर एकमत नाही, म्हणून मी हे ठासून सांगत नाही. तडे मात्र डोळ्यांनी दिसतात.

दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. इजिप्तमधल्या मोठ्या पिरॅमिडांमध्ये बाहेरचं गुळगुळीत आवरण सर्वांत जास्त टिकलंय ते याच चुकलेल्या पिरॅमिडचं. गिझाचे पिरॅमिड आपल्याला पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात कारण त्यांची पांढरी चुनखडी नंतरच्या काळात काढून नेली. मूळ रूप कसं होतं हे पाहायचं तर वाकड्याच्या भिंतीजवळ उभं राहून वर पाहावं. कोपऱ्यांवर आणि खालच्या बाजूला आवरण निघालंय, तिथे त्याची जाडीही दिसते.

लाल पिरॅमिडच्या आत जाता येतं? कसं असतं आत?

येतं, आणि शक्य असेल तर जाच. उंचीने हा इजिप्तमधला तिसरा पिरॅमिड, सुमारे १०५ मीटर. पायाची बाजू २२० मीटर. कोन सुरुवातीपासूनच ४३ अंश. वाकड्याच्या वरच्या अर्ध्या भागात जो कोन निभावला, तोच इथे जमिनीपासून टोकापर्यंत धरला आणि पहिला खराखुरा सरळ बाजूंचा पिरॅमिड उभा राहिला. ‘लाल’ हे नाव आतल्या तांबूस चुनखडीमुळे पडलं. बांधला तेव्हा तो पांढराच होता.

आधी बाहेरून वर चढायचं. दार उत्तरेच्या बाजूला जमिनीपासून सुमारे २८ मीटर उंचावर आहे. पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढत असाल तर इथे काही अडचण नाही. दारात एक क्षण मागे वळून पाहा: उत्तरेला सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे.

मग आत साठ मीटरांहून थोडा जास्त लांब, सरळ खाली उतरणारा भुयारी मार्ग. उंची मीटरभराची, त्यामुळे पूर्ण वेळ कमरेत वाकून. पायाखाली लाकडी फळ्या आणि त्यांवर पाय अडकवायला आडव्या पट्ट्या आहेत, बाजूला कठडा. उलटं, म्हणजे शिडी उतरतो तसं तोंड वरच्या बाजूला करून उतरलं तर बऱ्याच लोकांना सोपं जातं. पाठीवर सॅक नको. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन गेलो आणि ती छताला घासत-अडकत राहिली. मागून येणाऱ्या जर्मन आजोबांनी शेवटी ती माझ्या हातून काढून घेतली.

खाली पोचल्यावर पाठ सरळ करा आणि वर पाहा. छत बारा मीटरांच्या आसपास उंच आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींचे थर एकेक करत थोडे थोडे पुढे आणत वर नेऊन मिटवलेत, उलट्या जिन्यासारखे. कमान नाही, चुन्याची भर नाही. डोक्यावर लाखो टन दगड आहे आणि ४६०० वर्षांत छताने दगा दिलेला नाही. पलीकडे तसंच दुसरं दालन, जवळजवळ पिरॅमिडच्या टोकाखाली. तिथे लाकडी जिना चढून गेलात की तिसरं दालन, सर्वांत उंच, आणि त्याची जमीन खणून काढलेली. ते काम खजिना शोधणाऱ्या चोरांचं.

वास येतो. अमोनियाचा, तीव्र. कुणी वटवाघळांवर ढकलतं, कुणी कोंडलेल्या हवेवर. पाच मिनिटांत नाक सरावतं. रुमाल जवळ ठेवा.

वाकड्याच्या आतही जायचं का?

दोन्हींत जायचा उत्साह असेल तर वाकडा आधी करा. तो अवघड आहे. १९६५ पासून बंद असलेला हा पिरॅमिड जुलै २०१९ मध्ये पुन्हा उघडला. आतला मार्ग ७९ मीटरांचा आणि लाल पिरॅमिडपेक्षा अरुंद वाटणारा. खाली उतरून शिड्या चढून, एका खोदलेल्या चिंचोळ्या वाटेने वरच्या दालनात जायचं. ते देवदाराचे वासे तिथेच आहेत.

इथे एक गंमत सांगतो. १८३९ मध्ये जॉन पेरिंग हा इंग्रज अभियंता आतला मार्ग साफ करत होता. मजूर उकाड्याने हैराण झाले होते, आणि अचानक पिरॅमिडच्या आतून बाहेरच्या दिशेने थंड वारा सुटला. तो दोन दिवस वाहत राहिला आणि थांबला. या पिरॅमिडला उत्तरेप्रमाणे पश्चिमेलाही एक प्रवेशमार्ग आहे, पण तो तेव्हा अजून बाहेरून मोकळा झालेला नव्हता. वारा कुठून आला यावर आमच्या गाइडचं स्वतःचं मत आहे, ते त्याच्याच तोंडून ऐका.

गुडघे दुखतात / दमा आहे / बंद जागेची भीती वाटते. यावं का?

सहलीला या, आत जाऊ नका. रोखठोक सांगतो कारण भुयाराच्या मध्यावर परत फिरणं कठीण असतं; मागून लोक येत असतात. हृदयविकार, दमा, नुकतंच झालेलं गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण, अतिउच्च रक्तदाब: या सगळ्यांना आमचं उत्तर ‘बाहेर थांबा’ असंच आहे. बंद जागेची भीती असेल तर दाराशी जाऊन आत डोकावा आणि तिथे ठरवा. कुणी हसणार नाही.

आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांनी चिंता करू नये. लाल पिरॅमिडच्या पायथ्याशी गाडी जवळपर्यंत जाते. तुम्ही आत असताना ते पूर्वेच्या बाजूला पिरॅमिडचा टोकाचा दगड पाहू शकतात. तुकड्यांत सापडलेला तो दगड जोडून तिथे ठेवलाय. आणि ज्यांनी गड चढताना जन्म काढला त्यांनाही एक सूचना: दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. वाकून चढणं हे आपल्या पायांना सवयीचं नाही. दुसऱ्याच दिवशी लक्सरला व्हॅली ऑफ किंग्ज ठेवली असेल तर विचार करा.

लहान मुलं बहुतेकदा मोठ्यांपेक्षा बरी उतरतात, त्यांना वाकावं लागत नाही. सहा वर्षांखालच्यांना मात्र आम्ही आत नेत नाही.

आत चित्रं, लेख, ममी असं काही आहे का?

नाही. कोऱ्या भिंती. चौथ्या राजवंशाच्या पिरॅमिडांमध्ये भिंतींवर मजकूर लिहायची पद्धतच नव्हती. ती पाचव्या राजवंशाच्या शेवटी, सक्काराच्या उनास राजाच्या पिरॅमिडपासून सुरू झाली. ज्यांना रंग आणि चित्रलिपी हवी आहे त्यांची इथे निराशा होईल, हे आधीच सांगितलेलं बरं. लिहिलेलं जे काही मिळालं ते बाहेरच्या दगडांच्या पाठीवर: काम करणाऱ्या टोळ्यांनी लाल रंगात टाकलेल्या खुणा आणि तारखा. त्यांच्या आधारावर जर्मन पुरातत्त्वज्ञ रायनर श्टाडेलमान यांनी लाल पिरॅमिड कसा थराथराने वाढत गेला याचा हिशेब मांडला.

ममीच पाहायची असेल तर कैरोतच फुस्तातच्या इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथे एप्रिल २०२१ मध्ये २२ राजेराण्यांच्या ममी मिरवणुकीने नेल्या. आणि इतक्या लांब जमणार नसेल तर वडोद्याला जा. सयाजीराव गायकवाड महाराजांनी विकत आणलेली एक इजिप्शियन ममी तिथल्या संग्रहालयात आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी समोर.

दूर ढिगाऱ्यासारखं दिसतं ते काय?

काळा पिरॅमिड. राजा तिसरा अमेनेमहात, बारावा राजवंश, म्हणजे स्नेफेरूनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी. आतला गाभा कच्च्या विटांचा, वरून चुनखडीचं आवरण. आवरण गेलं आणि विटा उघड्या पडल्या. जागा सखल, पाणी जवळ; आतल्या दालनांना तडे गेले, आणि राजाने शेवटी फयूमजवळ हवाराला स्वतःसाठी दुसरा पिरॅमिड बांधला. आठशे वर्षांच्या अनुभवानंतरही जमीन पारखायला चुकणारे होतेच.

आत प्रवेश नाही. पण त्याचा टोकाचा काळा दगड, दोन डोळे कोरलेला, १९०० साली सापडला आणि कैरोत आहे. याच परिसरात १८९४-९५ मध्ये जाक द मॉर्गन यांना बाराव्या राजवंशाच्या राजकन्यांचे दागिने मिळाले. सोन्याच्या तारेत गुंफलेल्या इवल्या फुलांचा राजकन्या ख्नुमेतचा मुकुट पाहून आमच्या गटातल्या एक सराफ काकू पंधरा मिनिटं काचेपुढून हलल्या नव्हत्या.

मेम्फिसमध्ये पाहण्यासारखं काय उरलंय?

खरं सांगायचं तर फार थोडं, आणि म्हणूनच पाऊण तास पुरतो. इथे इजिप्तची पहिली राजधानी होती, अनेक शतकं. घरं कच्च्या विटांची होती, ती नाईलच्या गाळात मिसळली. देवळांचा दगड कैरो बांधायला गेला. आज तिथे खजुराची झाडं, मित रहीना गाव आणि एक छोटं उघड्यावरचं संग्रहालय.

पण त्यात राजा रामसेस दुसरा पाठीवर निजलेला आहे. चुनखडीचा पुतळा, पावलं तुटलेली, तरी सुमारे दहा मीटर लांब. १८२० मध्ये जोव्हान्नी काविलिया यांना सापडला. त्याच्यावर इमारत बांधलीय, आणि वरच्या सज्जातून खाली पाहायचं. उभ्या पुतळ्याचं तोंड कधी इतक्या जवळून दिसत नाही. ओठांच्या कडा, खांद्यावर आणि कमरपट्ट्यावर कोरलेलं नाव, पट्ट्यात खोचलेली कट्यार, हे सगळं आडवं पडल्यामुळेच नीट पाहता येतं. बाहेर अलाबास्टरचा स्फिंक्स आहे, आठ मीटर लांब, १९१२ मध्ये मिळालेला. गिझाच्या स्फिंक्सपुढे लहान, पण याचं नाक आहे.

जाता जाता: ‘इजिप्त’ हे नावच मेम्फिसचं. इथल्या प्ताह देवाच्या देवळाला हुत-का-प्ताह म्हणत. ग्रीकांनी त्याचं ‘आयगुप्तोस’ केलं, आणि ते फिरत फिरत आपल्यापर्यंत आलं. अरब स्वतः या देशाला मिस्र म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या मराठीतला ‘मिसर देश’ तो हाच.

सक्कारा आणि अबुसीरही त्याच दिवशी जोडता येईल का?

सक्कारा जोडता येतं, पण मग तो पूर्ण दिवस होतो. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड, उनासचे लेख आणि अपिस या पवित्र बैलांच्या दफनाची भुयारं, यांना मिळून चार तास द्यायलाच हवेत. अर्ध्या दिवसात तिन्ही ठिकाणं ‘करून देणारे’ पुष्कळ आहेत. त्यात तुम्ही बसमध्ये जास्त आणि पिरॅमिडजवळ कमी असता.

अबुसीरला पाचव्या राजवंशाचे साहुरे, नेफेरइरकारे, नियुसेर्रे यांचे पिरॅमिड आहेत. सुंदर, सुनसान जागा. प्रवेशाची खात्री आधीच्या दिवसापर्यंत देता येत नाही, म्हणून ती आम्ही आश्वासनात घालत नाही. दहशूरवरून परतताना रस्त्यावरून ते दिसतात.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो. मार्च-एप्रिल-मेमध्ये खमसीन नावाचा धुळीचा वारा कधीही उठतो आणि मग पिरॅमिड दहा पावलांवरूनही भुरकट दिसतो. जून ते ऑगस्ट सावली शोधत फिरावं लागेल, आणि दहशूरला सावली फक्त पिरॅमिडचीच. पिरॅमिडच्या आत मात्र बारा महिने दमट उकाडा.

रमजानमध्ये स्थळं लवकर बंद होतात. शुक्रवारी सकाळी कैरोचे रस्ते मोकळे असतात. आमचा आवडता वार तोच.

काय घालावं, काय आणावं?

घट्ट बसणारे, तळ न घसरणारे बूट. गुडघे झाकणारी सैल पँट. साडी किंवा लांब ओढणी भुयारात पायात येते. टोपी, माणशी लिटरभर पाणी, छोटी बॅटरी (आत दिवे आहेत, पण वीज जाते, आणि तेव्हा जे गप्प होतात ते सगळे गड फिरलेले असतात). स्वच्छतागृहाचं काम हॉटेलवरून उरकून निघा. दहशूरला भरवसा ठेवू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

इजिप्तमध्ये शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आपल्या खिचडीशी तिचं नातं जोडलं जातं. तामेया ही बाकल्याच्या दाण्यांची वडी, आणि ती पावासारख्या गोल रोटीत घालून मिळते; वडापाव सोडून आलेल्यांना तेवढाच दिलासा. फूल म्हणजे तेच दाणे मंद शिजवून, तेल-लिंबू-जिरं घातलेले. परतताना आम्ही उसाच्या रसाला थांबतो. आलं-लिंबू घालत नाहीत, तेवढं मनाची तयारी करा. जैन मंडळींसाठी आदल्या दिवशी कळवलंत तर डबा सोबत घेतो, कारण कांदा-लसणाशिवाय इथे पान हलत नाही.

दर काय? सोबत किती पैसे ठेवायचे?

दर इथे छापत नाही कारण ते टिकत नाहीत. मार्च २०२४ मध्ये एका दिवसात डॉलरचा भाव ३१ इजिप्शियन पाउंडांवरून ५० च्या घरात गेला. त्या आठवड्यात आमचं दरपत्रक रद्दीत गेलं. तुमची तारीख आणि माणसं कळवा, त्या दिवसाचा आकडा लेखी देतो. त्यात गाडी, गाइड, दहशूर-मेम्फिसची तिकिटं आणि पाणी असतं.

सरकारी स्थळांवर आता बहुतेक ठिकाणी तिकीट कार्डानेच मिळतं. सुट्या नोटा मात्र बक्षिसासाठी ठेवा. हो, तोच आपला शब्द. ‘बक्षीस’ फारसीतून दोन्हीकडे गेला. आपल्याकडे त्याला स्पर्धेतला पहिला नंबर लागतो, इथे तो पाण्याची बाटली हातात देणाऱ्यालाही. पहारेकरी आत बॅटरी मारून कोपरा दाखवतो आणि हात पुढे करतो. द्यायचं नसेल तर हसून ‘ला, शुक्रन’ म्हणा. हात मागे जातो. नकाराने कुणी दुखावत नाही, पण बॅटरी घेऊन नंतर नाही म्हणालात तर दुखावतं.

आणखी काही ओळखीचे शब्द ऐकू येतील: साबून, दुक्कान, कुर्सी, हवा, मिदान. अरबीतून आपल्याकडे आलेलेच ते. नवीन भाषेत इतके शब्द फुकट मिळतात म्हणून आमच्या गटातल्या आजी फार खूश होत्या.

पपायरस आणि गालिच्यांच्या दुकानांत नेणार का?

नाही. सक्काराच्या रस्त्यावर ‘गालिच्यांची शाळा’, ‘पपायरस संस्था’ अशा पाट्या लागोपाठ दिसतील. अनेक सहली स्वस्त वाटतात कारण उरलेले पैसे तिथल्या कमिशनमधून निघतात. मीही माझ्या पहिल्या फेरीत एका ठिकाणी चहा पीत दीड तास अडकलो, आणि दहशूरला पोचेपर्यंत तिकीट खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. ही सहल सुरू करण्यामागे तो दीड तास आहे.

पपायरस घ्यायचाच असेल तर उजेडाकडे धरून पाहा. खऱ्यात आडवे-उभे तंतू वेगवेगळे दिसतात. केळीच्या सालीचा नकली कागद एकसारखा दिसतो आणि दुमडला की तडकतो.

फोटो, ड्रोन?

मोबाइलने हवे तितके फोटो काढा. ड्रोन भारतातूनच आणू नका, विमानतळावरच जप्त होतो. दहशूरच्या आसपास अजूनही लष्कराची जागा आहे; तिकडे कॅमेरा वळवू नका. पिरॅमिडवर चढायला कायद्याने बंदी आहे, दंडही होतो आणि तुरुंगही. लाल पिरॅमिडच्या बांधलेल्या पायऱ्या सोडून एकही दगड चढायचा नाही.

गाइड मराठी बोलतो का?

अधिकृत गाइड इजिप्शियनच असावा लागतो, कायदाच तसा आहे. तो इंग्रजीत सांगतो. आमच्यापैकी एकजण सोबत असतो तो मराठीत. कधीकधी दोघांचं जुळत नाही, मग गाडीत मजा येते. अमिताभ बच्चनबद्दल विचारलं जाईल, त्याचं उत्तर घरूनच तयार करून या.

गाइडशिवाय, स्वतःहून जाता येईल का?

येईल. कैरोहून अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी ठरवा, परतीसह, थांबण्याच्या वेळेसह, आणि पैसे परत आल्यावर द्या. दहशूरला उतरून टॅक्सी सोडून देऊ नका, तिथे दुसरी मिळत नाही. दुकानात थांबायचं नाही हे निघतानाच सांगा. दोन माणसं असाल आणि वाचून आला असाल तर आमची गरज नाही.

हे सगळं माणसांनीच बांधलं, नक्की?

नक्की. लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला २०१३ मध्ये पपायरसाचे तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडी नावेत भरून खुफूच्या पिरॅमिडपर्यंत कशी नेली, कुठल्या रात्री कुठे मुक्काम केला, हे त्याने लिहून ठेवलंय. परग्रहावरून आलेल्यांना मुक्कामाची नोंद ठेवायची गरज पडली नसती. आणि त्यांनी आधी एक वाकडा बांधून पाहिला नसता.

मेदूम पाहायचं राहिलं तर?

मेदूम कैरोपासून साधारण १०० किलोमीटर आहे, अर्ध्या दिवसात बसत नाही. पण स्नेफेरूचं हे पहिलं काम दहशूरनंतर पाहिलं तर जास्त कळतं. पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला, नंतर पायऱ्या भरून त्याच्या बाजू सरळ करायला घेतल्या, आणि बाहेरचं सगळं ढासळलं. आता ढिगाऱ्यातून तीन मजल्यांच्या बुरुजासारखा गाभा वर आलेला दिसतो. पुरेसे लोक झाले तर आम्ही मेदूम, लाहून आणि हवारा अशी पूर्ण दिवसाची फेरी काढतो. चार माणसं जमली की कळवा. तिथे जाताना डबा घरचा लागतो, वाटेत काही मिळत नाही.